बटाट्याची आपोआप उगवलेली रोपं : ठेवायची की काढायची? (शेजारी टोमॅटो आहे)

मानेवाडा_परसबाग
नमस्कार मंडळी. घरामागे थोडी जागा आहे. काळी माती, अर्ध्या भागावर आंब्याची सावली. गेल्या हिवाळ्यात एका वाफ्यात आलू घेतले, फेब्रुवारीत काढले. दिवाळीनंतर त्याच वाफ्यात मेथी टाकली, तर मेथीतून आलूचे कोंब वर येऊन राहिलेत. एक रोप तर चांगलं वीतभर झालंय, एकदम तजेलदार. आणि तिथून दोन-अडीच फुटांवर टोमॅटोची रोपं नुकतीच लावलीत.

इंग्रजी व्हिडिओंमध्ये सांगतात की अशी राहिलेली झाडं दिसली की लगेच काढा, त्यांच्यावरून करपा टोमॅटोवर जातो. सासूबाई म्हणतात, आपसूक आलेलं कशाला उपटतेस. गेल्या हिवाळ्यात आलूची पानं काळी पडली होती, हेही खरं. नागपूरच्या उन्हाळ्यातून हा रोग जमिनीत टिकतो का? आणि काढायचं तर कसं? एक उपटलं तर काही दिवसांत तिथूनच पुन्हा फुटलं.

फुकट_ते_पौष्टिक
ताई, उपटू नका! माझ्या कंपोस्टच्या ढिगावर दरवर्षी आलू येतात. ना बेणं, ना पैसे. संक्रांतीच्या सुमारास उकरले की घरच्या आलूबोंड्याची सोय. रोगबीग काही पाहिला नाही. फारच वाटलं तर आंबट ताक शिंपडा. व्हिडिओवाले तिकडच्या बर्फातले, त्यांचं आपल्याला काय लागू होणार?

वाफसा
तुमचं शेवटचं वाक्य विचार करण्यासारखं आहे, त्यावर येतोच. आधी निदान करू.

ताई, पानं काळी पडली म्हणजे नेमकी कशी? आलूवर दोन करपे येतात आणि दोघांचा हिशेब वेगळा आहे. लवकर येणारा करपा आल्टरनेरिया नावाच्या बुरशीमुळे होतो. कोरडे, तपकिरी ठिपके, आत एकात एक वर्तुळं, सुरुवात खालच्या जुन्या पानांपासून. याला उबदार हवा लागते, २४ ते २९ अंशांची, म्हणून आपल्याकडे जास्त करून हाच दिसतो. उशिरा येणारा करपा फायटोफ्थोरा इन्फेस्टन्समुळे. पानाच्या टोकाला किंवा कडेला पाण्यात भिजल्यासारखा डाग पडतो आणि तो बघता बघता काळपट होत पसरतो. सकाळी दव असताना पान उलटं करून पाहिलं तर डागाच्या कडेने पांढरी लव दिसते. खोडावरही काळे पट्टे येतात. हवा त्याच्या मनासारखी असली तर आठवडाभरात अख्खा वाफा झोपतो.

यातला कुठला होता?

मानेवाडा_परसबाग
दुसराच वाटतो, काका. सलग ढगाळ हवा होती, मधून झिमझिम, सकाळी धुकं. पानाखाली पांढरं दिसत होतं, कुजका वास पण यायचा. झाडं बसायला लागली तेव्हा मी सगळा पाला कापून टाकला आणि आलू जमिनीतच राहू दिले. काढले तेव्हा थोड्या आलूंवर तपकिरी, खोलगट डाग होते. ते वेगळे काढून फेकले.

वाफसा
लक्षणं उशिरा येणाऱ्या करप्याचीच आहेत. पाला कापलात ते उत्तम केलंत. पावसाच्या पाण्याबरोबर पानावरचे बीजाणू मातीत उतरतात आणि कंदापर्यंत पोचतात. पाला कापून दोनेक आठवडे थांबून काढणी केली तर कंद बऱ्यापैकी वाचतात आणि साल पक्की होते.

आता उन्हाळ्याचा प्रश्न. फायटोफ्थोराला आपण बोलताना बुरशी म्हणतो, पण तो खऱ्या बुरशींच्या कुळातला नाही. ऊमायसीट म्हणून वेगळा गट आहे, तो शेवाळांना जास्त जवळचा. त्याला जगायला जिवंत पेशी लागतात. वाळलेल्या पाल्यात, कुजलेल्या खोडात तो तग धरत नाही. आल्टरनेरिया मात्र वाळक्या पाल्यातही राहतो, म्हणून पाला वेचून काढायचा तो मुख्यतः त्याच्यासाठी. उशिरा येणारा करपा एका हंगामातून दुसऱ्यात जातो तो जिवंत कंदातून. (दोन वेगळ्या लिंगप्रकारांचा संकर झाला तर जाड भिंतीचे, मातीत टिकणारे बीजाणूही होतात, पण परसबागेच्या पातळीवर कंदावर लक्ष ठेवलं तरी पुरे.)

३० अंशांच्या वर त्याची वाढ अडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. भारतातल्या मैदानी भागाबद्दल वनस्पतिरोगाची पुस्तकं हेच सांगतात : उन्हाळ्यात रोग मातीत राहत नाही, पुढच्या थंडीत तो येतो शीतगृहात ठेवलेल्या बेण्यातून. तेव्हा फुकटभाऊंचं म्हणणं बरंचसं खरं आहे. मोकळ्या शेतात नांगरून टाकलेल्या काळ्या जमिनीत राहिलेला आलू उन्हाळ्यात एकतर वाळतो, नाहीतर सडतो.

पण ताईंचा वाफा मोकळ्या शेतात नाही. आंब्याची सावली आहे, आणि उन्हाळाभर तिथे पाणी चालू असणार. अशा जागी वीतभर खोल राहिलेला आलू जगू शकतो. जगला म्हणूनच तर उगवला. आलू जगला म्हणजे आतला रोगही जगलाच असं नाही. रोगट कंद बहुतेक वेळा उगवण्याआधीच सडून संपतो. हलका संसर्ग असलेला एखादा मात्र कोंब धरतो आणि रोग त्या कोंबाबरोबर वर येतो. शक्यता लहान आहे. पण ती टोमॅटोपासून अडीच फुटांवर आहे, आणि त्या वाफ्यात हा रोग येऊन गेलेला आहे. मी असतो तर काढली असती.

पूर्वाश्रमीचा_धंतोलीकर
सध्या मुक्काम यॉर्कशायर. घराजवळ भाजीसाठी भाड्याने घेतलेला जमिनीचा तुकडा आहे, म्हणून व्हिडिओवाल्यांची बाजू मांडतो.

इथे हिवाळ्यात जमीन वरवर गोठते. खोल राहिलेले बटाटे आरामात वाचतात आणि वसंतात, नवं पीक वर यायच्या आतच उगवतात. म्हणजे रोगाला झाड आयतंच तयार. शेताच्या कडेला टाकून दिलेल्या बटाट्यांचे ढीग, त्यांनाही फुटवे येतात. एका ढिगावरचे बीजाणू ओलसर हवेत वाऱ्याबरोबर कित्येक मैल जातात. १८४५ पासून आयर्लंडमध्ये याच रोगाने बटाटा गेला, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. त्यामुळे इथे राहिलेल्या झाडाकडे कुणी कौतुकाने बघत नाही, शेजारच्या तुकड्यावरचे आजोबा येऊन विचारतात, अजून काढलं नाहीस?

इथे धोक्याचा इशारा हटन निकषांवर देतात, २०१७ पासून. लागोपाठ दोन दिवस किमान तापमान १० अंश किंवा त्याहून जास्त, आणि दोन्ही दिवशी निदान सहा तास हवेतली आर्द्रता ९० टक्के किंवा वर. इथल्या उन्हाळ्यात हे पुन्हा पुन्हा घडतं. नागपूरची थंडी मला आठवते ती कोरडी : सकाळी स्वेटर, दुपारी २८ अंश आणि लख्ख ऊन. पानावरचं दव वाळून जातं, रोगाला पाय रोवता येत नाही. मधेच ढग आणि झिमझिम चार दिवस मुक्कामाला आली की तिथेही तेच गणित जुळतं. तर इथल्या व्हिडिओतल्या तारखा सोडून द्या, कारणं तेवढी घ्या.

काटोलकर
राजेहो, आलू माहा विषय नाही, संत्रा हाय. पन फायटोफ्थोराचं नाव वाचून रायवलं नाही. आमच्या बगिच्यात डिंक्या येते, म्हंजे झाडाच्या बुंध्यातून डिंक गळते थो रोग, थो याच खानदानातला. जात अलग हाय. संत्र्याचा आलूले लागत नाही, आलूचा संत्र्याले लागत नाही. पन सवय एकच : पानी साचलं का याचं फावलं.

म्हनून ताई, काढा-ठेवा थे नंतर पाहा, पयले पानी कुठं थांबते थे पाहा. काळ्या मातीत सपाट वाफ्यात आलू लावून वरून पाइपानं पानी मारलं तं पानं बी ओले अन् बूड बी ओलं. वरंबे करा, नालीतून पानी द्या, सकाळी द्या. टमाटरले बी तेच.

फुकट_ते_पौष्टिक
वाफसा काका, तुम्हीच म्हणता ऊन मारते, तुम्हीच म्हणता शक्यता लहान. मग एवढ्याशा शक्यतेसाठी आयता आलू फेकायचा? माझ्या ढिगावरच्यांना तर कधीच काही झालं नाही.

वाफसा
तुमच्या ढिगाचंच बोलू. त्यावर आलू येतात कुठून? गेल्या वर्षीचे राहिलेले नसतात. स्वयंपाकघरातले, टोपलीत कोंब आलेले, मऊ पडलेले, डोळ्यासकट जाड सोललेल्या सालीसुद्धा. बाजारातला पावसाळ्यातला आलू बहुतेक शीतगृहातला असतो. म्हणजे ज्या कंदाला उन्हाळा लागलेलाच नाही, तोच तुम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ढिगावर टाकता. आत ऊब, वर ओल. बेण्यातून रोग येतो असं मघाशी लिहिलं. तुमचा ढीग म्हणजे न निवडलेलं, न तपासलेलं बेणंच. माझ्या मते नागपुरात बागेतल्या राहिलेल्या आलूपेक्षा ढिगावरचा आलू जास्त संशयास्पद. इंग्रजी सल्ल्यात हा भाग खाली कुठेतरी असतो, आपल्याकडे तो पहिला हवा.

दुसरं असं की करपा हे एकमेव कारण नाही. अशा झाडांवर मावा जगतो, आणि मावा पानं गुंडाळणारा विषाणू आणि वाय विषाणू नव्या आलूवर नेऊन सोडतो. लवकर येणारा करपाही आधी यांच्यावरच जम बसवतो. मर रोगाचा जिवाणू कंदात असेल तर तो टोमॅटो, वांगं, मिरची सगळ्यांनाच लागू आहे. आणि फेरपालटाचं काय? आलू, टोमॅटो, वांगी, मिरची हे एकच कूळ, म्हणून आपण तीन वर्षं वाफा बदलतो, मधे मेथी, पालक, गवार, वाल घेतो. त्या मेथीतच आलू उभा असेल तर फेरपालट कागदावर राहिली.

ताकाबद्दल : माव्याला, भुरीला कुणी वापरत असेल तर माझं भांडण नाही. उशिरा येणारा करपा ताकाने थांबेल या भरवशावर राहू नका.

गच्चीवाली
माझा प्रश्न थोडा वेगळा. गच्चीवर ग्रो बॅगमध्ये आलू लावते. काढल्यावर तीच माती पुढे टोमॅटोला वापरली तर? आणि टोमॅटोची रोपंही आपोआप उगवतात, पडलेल्या फळांतून. तीही काढायची का?

वाफसा
टोमॅटोच्या आपोआप आलेल्या रोपांना या कारणासाठी घाबरायचं कारण नाही. ती बीपासून येतात आणि उशिरा येणारा करपा बीमार्फत सहसा पुढे जात नाही. आलूचं रोप मात्र जुन्या कंदातून येतं, कंदात जे होतं ते घेऊन. टोमॅटोच्या रोपांना पुढे हवेतून रोग लागू शकतो, तो तर लावलेल्यांनाही लागतो. नर्सरीतून रोपं आणाल तेव्हा खोडावर काळे डाग नाहीत ना, तेवढं बघा.

बॅगची माती : चाळा. खरंच चाळा, हाताने चाचपडून भागत नाही. गोटीएवढे आलू काळ्या मातीच्या ढेकळात ओळखू येत नाहीत. मग एप्रिल-मेमध्ये माती थोडी ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली गच्चीवर पसरून ठेवा, पातळ थर, महिनाभर. नागपूरच्या गच्चीला या कामात कोणी हात धरणार नाही. पण लगेच, म्हणजे आता थंडीतच वापरायची असेल तर टोमॅटोला नको, पालक-कोथिंबिरीला वापरा.

मानेवाडा_परसबाग
पटलं. काढते. पण कसं? उपटलं तर परत येते, हे मी पाहिलं.

वाफसा
कारण खालचा मूळ आलू तिथेच राहतो. वरचं कोंब गेलं की दुसरा डोळा जागा होतो. म्हणून ओढायचं नाही, खणायचं.

काळी माती कोरडी असेल तर दगड, ओली असेल तर चिखल, दोन्हीत आलू तुटतो आणि तुटलेल्या तुकड्याला डोळा असला की तो पुन्हा येतो. वाफ्याला हलकं पाणी द्या आणि वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण भुसभुशीत होऊ द्या (माझं टोपणनाव उगाच नाही). मग रोपाच्या बुडापासून वीतभर लांब खुरपी किंवा हाताचा काटा खोल घालून माती खालून उचला. रोप, मुळं, पांढऱ्या दोऱ्यांसारखे फुटवे आणि जुना सुरकुतलेला आलू, सगळं एकत्र यायला हवं. जुना आलू हातात आला नाही तर काम झालेलं नाही. थोडी मेथी जाईल, जाऊ द्या.

रोप लहान असताना, वीतभर होण्याआधी काढा. मोठं झालं की नवे कंद धरायला लागतं, मग एकाच्या जागी आठ शोधत बसाल. पंधरा दिवसांनी पुन्हा नजर टाका, कारण सगळे डोळे एकदम उठत नाहीत.

काढलेलं कंपोस्टात नको. निरोगी दिसणारा पाला पूर्ण वाळवून टाकला तर चालतो, पण आलू अजिबात नाही. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून उन्हात ठेवा, आतले आलू मऊ पडून पाणी होईपर्यंत. आता नोव्हेंबरात वेळ लागेल. घाई असेल तर दोन फूट खोल खड्डा करून पुरा.

कळमना_वारी
भाजी बाजारात रोजचं येणं-जाणं आहे, तेव्हा बेण्यावर दोन शब्द. परसबागेसाठी बहुतेक लोक घरात कोंब आलेला खायचा आलूच लावतात. लावायचाच असेल तर निदान निवडून लावा. लालसर-तपकिरी, दबलेले डाग असलेला, बोटाने दाबला तर मऊ लागणारा, वास येणारा बाजूला. एक-दोन कापून बघा. सालीखाली तांबूस-तपकिरी रंग वेडावाकडा आत शिरलेला दिसला तर ती थप्पीच नको. कापून लावत असाल तर सुरी मधूनमधून पुसा आणि फोडी सावलीत सुकू द्या, ओल्या फोडी काळ्या मातीत सडतात. आणि जमलं तर प्रमाणित बेणं घ्या.

लोक जातीचंही विचारतात. कुफरी ज्योती १९६८ मध्ये आली तेव्हा करप्याला दाद देत नव्हती. आता तिच्यावरही येतो. नावावर जाऊ नका.

मानेवाडा_परसबाग
आज सकाळी काढली. वाफसा काका म्हणाले तसंच, खालून उचलून. बहुतेकांखाली जुना आलू सापडला, सुरकुतलेला पण घट्ट. एका ठिकाणी मात्र आतून तपकिरी होता, कापून पाहिला. तो वेगळ्या पिशवीत बांधला. गंमत म्हणजे सगळी रोपं आंब्याच्या बाजूची, उन्हाच्या बाजूला एकही नाही.

आता टोमॅटोवर आधीच काही फवारू का? सध्या पानं स्वच्छ आहेत. आकाशही निरभ्र आहे.

वाफसा
तो तपकिरी करप्याचाच होता की दुसऱ्या कुजीचा, हे नुसतं बघून सांगता येणार नाही. तरी पिशवीत गेला ते बरं.

आकाश निरभ्र असताना काही फवारू नका. खालची जमिनीला टेकणारी पानं काढा, काठीला बांधा, दोन रोपांत हवा खेळू द्या. हवामान खात्याने ढगाळ आणि पावसाचा अंदाज दिला की त्याच्या आधी ताम्रयुक्त फवारणी. तांबं पानावर आधी बसलेलं असेल तरच उपयोग, रोग आत शिरल्यावर ते त्याला गाठत नाही. कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम. पानाच्या खालच्या बाजूलाही पोचलं पाहिजे. फळं असतील तर पाकिटावर लिहिलेले दिवस पाळून मगच तोडा. आणि रोग दिसलाच तर ते झाड वाचवत बसू नका, कोरड्या दुपारी पिशवीत घालून काढा. सकाळी ओलं असताना हलवलं तर बीजाणू तुम्हीच बाकीच्यांवर झटकता.

काटोलकर
घरी बोर्डो, म्हंजे मोरचूद-चुन्याचं फवारनीचं मिश्रन, कराचं असन तं एक टक्का करा. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) पाच लिटर पान्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरात, दोन्ही गाळून एकाच वेळी तिसऱ्या बादलीत वता. बादली प्लास्टिकची, लोखंडाची नोको. मंग त्यात घासलेला खिळा बुडवून पाहा. त्याच्यावर तांबूस चढलं तं चुना कमी पडला, अजून टाका. त्याच दिवशी संपवा. कवळ्या रोपावर निम्मं पातळ करून मारा. आमी बुंध्याले लावतो थे पेस्ट दहा पट घट्ट रायते, थे पानावर नोका मारू, जळतीन.

फुकट_ते_पौष्टिक
चला, ढीग उकरतो. म्हणजे आतापासून कोंब आलेले आलू ढिगावर टाकायचे नाहीत, बरोबर? मग टाकायचे कुठे?

वाफसा
शिजवून टाका. उकडलेला आलू उगवत नाही आणि त्यातला रोगही मरतो. नाहीतर ओल्या कचऱ्याच्या गाडीत द्या.

मानेवाडा_परसबाग
एकच शेवटचं. काढलेला हिरवा पाला शेजारच्यांच्या बकऱ्यांना देऊ का? त्या मागून राहिल्यात.

वाफसा
नाही. आलूच्या हिरव्या पाल्यात आणि हिरव्या पडलेल्या कंदात सोलॅनिन असतं, जनावराला बाधू शकतं. मेथीचा पाला द्या.